उंडलीखालचा राखणदार

आबा घाडी फोन कानाला लावण्याआधी दिशा विचारतात. कोल्हापूरचा फोन असेल तर घाटाकडे तोंड करून बसतात, मुंबईचा असेल तर उत्तरेकडे, आणि मस्कतहून कुणाचा मुलगा बोलत असेल तर खुर्ची उचलून खळ्यात, म्हणजे अंगणात, आणतात आणि समुद्राकडे बघत बोलतात. "तोंड एकीकडे आणि बोलणा दुसरीकडे, ह्येका काय रीत म्हणतत?" हा त्यांचा सवाल. मी एकदा त्यांना समोर बसवून टॉवर, उपग्रह वगैरे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मान वर करून बोलायचं का? त्यानंतर मी तो विषय सोडून दिला.

एकदा विमा विकणाऱ्या एका बाईचा फोन आला. आबांनी तिला विम्यापर्यंत पोचूच दिलं नाही. आधी ती कुठून बोलते ते कळायला हवं होतं. ती म्हणाली, गुरगाव. आबांना गुरगाव कुठल्या अंगाला ते ठाऊक नव्हतं. फोन कानाला धरून ते खळ्यात दोनदा गोल फिरले, शेवटी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुका खंय बघूचा तां म्हायत असात तर तू बोल." तो विमा मला घ्यावा लागला.

हे सांगणारा मी आमच्या ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. गावाचं नाव सांगत नाही. आचऱ्याच्या बाजूला खाडीच्या काठी आहे, एवढं पुरे. आता गावात नेट आलंय आणि लोक वाचतात, उगाच कशाला. मला गावात नावाने कोणी हाक मारत नाही, 'कॉम्प्युटर' म्हणतात. माझ्या बायकोला 'कॉम्प्युटराची बायल' म्हणतात, आणि ते तिला अजून पचलेलं नाही.

नेट येण्याआधी नऊ वर्षं मी संगणक परिचालक होतो. पंचायतीवर 'डिजिटल ग्राम' अशी पाटी नेटच्या सहा वर्षं आधी लागली. त्या पाटीखालून मी पेनड्राइव्ह खिशात घालून सकाळच्या एसटीने कणकवलीला जायचो, तिथल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून आमच्या गावाचा कारभार ऑनलाइन करायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचो. गाडी चुकली की गाव एक दिवस मागे पडायचं. मृत्यूचा दाखला हातात पडेपर्यंत माणसाचं वर्षश्राद्ध आटोपलेलं असायचं. मोबाइलची रेंज अख्ख्या गावात सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, एका काजूच्या झाडाखाली मिळायची, आणि तिथे लग्नं ठरायची, मोडायची, ती सगळ्यांदेखत.

आबा सत्तरी ओलांडलेले. अंगाने काडी, पण आवाज असा की खाडीपलीकडची माणसं आमच्या देवळातलं गाऱ्हाणं घरी बसून ऐकतात. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे केलेली विनवणी. घाडी देवासमोर उभा राहून एकेक मागणं मांडतो आणि मागे उभं असलेलं गाव प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतं. हे काम आबांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यामुळे गावात काय कसं व्हावं हे त्यांना विचारल्याशिवाय होत नाही, आणि विचारलं नाही तरी ते सांगतातच. "रीत आसा ती," एवढं म्हटलं की वाद संपला. झेंडावंदनाच्या दिवशी नारळाची शेंडी उलट्या बाजूला केली म्हणून त्यांनी तहसीलदारांना सगळ्या शाळेसमोर थांबवलं होतं. तहसीलदारांनी नारळ फिरवला. नवऱ्यामुलाने कुठला पाय आधी टाकावा, पंगतीत पहिलं पान कुणाला वाढावं, मयताला किती माणसांनी पुढे चालावं, सगळं आबा जागच्या जागी दुरुस्त करतात. हात धरून दुरुस्त करतात, हे विशेष.

ते साधं बोलायला उभे राहिले तरी गाऱ्हाणंच होतं. ग्रामसभेत तर हमखास. "बा सरपंचा म्हाराजा," अशी सुरुवात. "आज जी काय लेकरां काजीच्या झाडाखाली उन्हातान्हात रेंज शोधतत, तेंच्या घराघरात ह्यो नेट येवंदे, म्हाराजा." आणि मागे बसलेले सगळे, त्यात सरपंचही, सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळे. नेट यावं म्हणून आबांनी आठ वर्षं अर्ज केले. मालवणला गेले, जिल्ह्याला ओरोसला गेले, प्रत्येक साहेबासमोर चप्पल काढून उभे राहिले. ज्या माणसाकडे बटणाचा फोन आणि तोही दिशा बघून वापरायचा, त्याला नेट कशाला हवं, हे कोणाला कळत नव्हतं. आम्ही आपलं ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला मानाची हौस आहे, नेट आणणारा म्हणून देवळात नाव लावून घ्यायचं असेल.

अखेर मंजुरी आली. घरोघरी जाऊन पाहणी करायचं काम माझ्याकडे आलं. एका फॉर्मवर घर, माणसं आणि नेट वापरणारे किती ते भरायचं. वरच्या वाड्या मी प्रामाणिकपणे फिरलो. राहिली खालची बंदरवाडी. ती खाडीला लागून, उतार असा की जाताना गुडघे दुखतात आणि येताना छाती. तिथे चार घरं. तीन घरांची माणसं मुंबईला, दाराला कुलपं. चौथ्यात शेवंताक्का, आबांची धाकटी बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. गाव तिला 'मुकी' म्हणतं, तिच्यासमोरच म्हणतं, तिला कुठे ऐकू येतंय म्हणून. बापाने तिच्या नावावर ठेवलेल्या माडांच्या बागेत ती एकटी राहते, चुडताची, म्हणजे माडाच्या झावळीची, झापं विणते, कोंबड्या पाळते. आबा रोज दुपारी खाली उतरतात. ते नारळ मोजायला जातात असं आम्ही समजायचो.

तर मी बंदरवाडीत गेलोच नाही. पंचायतीत पंख्याखाली बसून फॉर्म भरला. बंद घरं तीन. उरलेल्या घरात एक व्यक्ती, मूकबधिर. शेरा लिहिला, 'फोन वापरत नाही. गरज नाही.' यादी नियमाप्रमाणे फळ्यावर लावली, आणि बंदरवाडी आराखड्यातून गळली. कोणाची हरकत आली नाही.

लाइन टाकायला कंत्राटदाराचा सुपरवायझर आला. लोखंडे त्याचं नाव, माणूस घाटावरचा. लॅपटॉपवर त्याने नकाशा दाखवला. रस्त्यापासून सड्यावरून थेट पंचायतीपर्यंत तांबडी रेघ. कुठे वळण नाही. आठ दिवसांत काम संपवून पुढच्या गावाला जायचं, असं तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी शिवेवरच्या पिंपळापाशी आबा उभे. इथे राखणदार आहे, गावची शीव राखतो, त्याला नारळ देऊन मगच चर खणा, असं त्यांनी सांगितलं. लोखंडे हसला. काका, आम्ही सगळ्या राज्यात लाइनी टाकल्यात, म्हणाला. अर्ध्या तासात जेसीबीचा पाइप फुटला आणि तेलाचं कारंजं लोखंडेच्या शर्टावर आलं. पाइप तीन दिवसांपासून गळत होता हे ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं, पण तोवर लोखंडेने माणूस पाठवून नारळ मागवला होता.

दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये नारळांचं पोतं. आबा पुढे, त्यांच्यामागे लोखंडे, त्याच्यामागे जेसीबी. ओहोळाजवळ राखणदार, जुन्या बांधापाशी राखणदार, वारुळाजवळ एक. आबा सांगतील तिथे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि खणायला घ्यायचं. हे सगळे राखणदार खरे हं. माझ्या आजीनेही मला तिथून जाताना गप्प राहायला शिकवलं होतं. चौथ्या दिवशी लोखंडेने आबांना न विचारताच एका दगडाला नारळ ठेवला. "तो बांधकाम खात्याचो आसा, मैलाचो," आबा म्हणाले. लोखंडे ओशाळला, पण नारळ त्याने परत उचलला नाही. असू दे, म्हणाला.

देवळाच्या अलीकडे एक फाटा आहे. तिथे उंडलीचं जुनं झाड. समोर पंचायत दिसते, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. लोखंडेच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. आणि आबा रस्त्यात आडवे उभे राहिले.

"हंय राखणदार आसा," ते म्हणाले. "वाटेर आडवो निजता. तेच्या अंगावरसून वायर न्हेलास तर गावाचा बरा होवचा नाय. खालसून, बंदरवाडीतसून न्हेवा आणि मागच्या अंगान वर काढा."

लोखंडेने माझ्याकडे पाहिलं. मी मानकऱ्यांकडे पाहिलं. आमच्या देवळाचे मानकरी म्हणजे गावातली जाणती मंडळी, आणि या राखणदाराबद्दल त्यांच्यापैकी एकानेही कधी ऐकलेलं नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडावरून सांगतो. पण मला माहीत नाही असं म्हणणारा मानकरी अजून जन्माला यायचा आहे. पहिले मानकरी दादा म्हणाले की त्यांच्या आज्याने सांगितलं होतं, पांढऱ्या घोड्यावरून फिरतो. दुसरे म्हणाले, घोडा नाही, हातात कंदील असतो. तिसऱ्यांनी मधला मार्ग काढला, घोड्यावर कंदील घेऊन बसतो म्हणाले. घोड्यावरचा माणूस वाटेत आडवा कसा निजतो, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला पंचायतीत नोकरी करायची होती.

दोनशे पावलांचं काम सव्वा किलोमीटरचं झालं. मी नकाशा नव्याने काढला. 'बदलाचे कारण' असा एक रकाना होता, तिथे लोखंडे आणि मी मिळून 'भूस्तर प्रतिकूल' असं लिहिलं. लाइन बंदरवाडीच्या उतारावरून खाली गेली, माडांमधून फिरली आणि मागच्या बाजूने वर आली. ज्या वाडीतून लाइन जाते तिथे राहत्या घराला जोडणी द्यायचीच, असा नियम. त्यामुळे शेवंताक्काच्या पडवीतही एक डबा बसला. आम्ही यावर खूप हसलो. मुकीच्या घरी नेट, आता कोंबड्या बघतील, असं पारावर चाललं होतं. हसणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता.

उद्घाटनाला पुढारी आले. वीज नव्हती, त्यामुळे नेटही नव्हतं. पण ठरलेला कार्यक्रम ठरलेला. पुढाऱ्यांनी मोबाइल तोंडासमोर धरून जिल्ह्याच्या साहेबांशी पाच मिनिटं समोरासमोर गप्पा मारल्या आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पडदा काळाच होता. जोडण्या कुणाला आधी द्यायच्या हे आबांनी रीतीप्रमाणे ठरवलं. पहिला मान पहिल्या मानकऱ्यांचा. दादांकडे मोबाइल नव्हता, टीव्हीही जुना. पण मान तो मान. त्यांनी तो डबा देव्हाऱ्यात ठेवला, वर झेंडूचं फूल वाहिलं. दिवसभर लुकलुकून तो दमत असेल म्हणून जेवणं झाली की बंद करायचे. पंचायतीचा नंबर अकरावा लागला. 'डिजिटल ग्राम'ची पाटी असलेल्या कार्यालयात नेट महिनाभर उशिरा पोचलं, कारण आमच्या आधी वाजंत्रीवाल्यांचा मान होता.

मग गाव जसं व्हायचं तसं झालं. लोक रील बघू लागले, भावकीची भांडणं ग्रुपवर आली, काजूच्या झाडाखाली शुकशुकाट झाला. आणि उंडलीखालचा राखणदार पावायला लागला.

सुरुवात एका हरवलेल्या म्हशीपासून झाली. कोणीतरी उंडलीखाली नारळ ठेवला आणि म्हैस संध्याकाळी घरी आली. ती रोजच संध्याकाळी घरी यायची, पण ते असो. मग परीक्षेचे नारळ, व्हिसाचे नारळ. नेट गेलं तर लोक कंपनीला फोन करायच्या आधी उंडलीखाली जायचे. दगडाला शेंदूर लागला. मुंबईकर मंडळींनी ओटा आणि वर पत्र्याची शेड बांधायची ठरवली, 'जागृत देवस्थान' असा फलकही रंगवून आणला. आबांना वाटलं असेल की आपली करामत फळली, असं तुम्ही म्हणाल. उलट झालं. ते त्या वाटेने जायचे बंद झाले. देवळात जायला शेतातून वळसा घालू लागले. कोणी राखणदाराचा प्रसाद दिला तर हातात घेऊन उभे राहायचे आणि न खाता खिशात टाकायचे.

त्याच सुमारास पंचायतीत वरून पत्र आलं. पावसात बंदरवाडीच्या उतारावर लाइन दोनदा तुटली होती. वळसा रद्द करून फाट्यावरून सरळ जोड का देऊ नये, जागेवर जाऊन वापरकर्ते मोजून कळवा, असं त्यात होतं. मी पत्र ग्रामसभेत वाचलं. गावाने एका आवाजात विरोध केला. राखणदाराच्या अंगावरून लाइन न्यायची कोणाची हिंमत नव्हती. म्हणजे राखणदार होता तोवर बंदरवाडीची लाइन सुरक्षित होती. आबा त्या सभेत खाली मान घालून बसले होते. मला ते थकल्यासारखे वाटले.

शेड बांधून झाली. तिथे पहिलं गाऱ्हाणं आबांनीच घालायचं होतं, दुसरं कोण घालणार. देवळातून ग्रामदैवताची तरंगं, वस्त्रं नेसवलेले देवाचे खांब, निघाली, ढोल वाजत उंडलीखाली आली. सगळं गाव जमलं. मी मोबाइलवर चित्रण करत होतो, पंचायतीच्या फेसबुक पानासाठी. आवाज नीट यावा म्हणून अगदी पुढे उभा होतो आणि तोंड मिटलं होतं.

आबांनी हात जोडले. मग त्यांचा तो आवाज सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या उंडलीखाली राखणदार म्हणान लेकरांनी जे काय नारळ ठेवलेले असत, तो राखणदार हंय नाय आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"तो मी, तुज्या ह्या घाड्यान, सोताच्या तोंडान केलेलो आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जन्मभर गावासाठी मागलंय. एकदाच माज्या भयणीसाठी तुज्या नावान खोटा बोललंय. ह्यो चुकीचो बोल माज्या माथ्यार घे आणि लेकरांका ह्या खोट्यातसून सोडय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

ढोल वाजले. सरपंचांनी नारळ फोडला. दादा मानकरी मला म्हणाले की आज आबांचा आवाज जरा बसलाय, पण गाऱ्हाणं झकास झालं. आबा तसेच उभे होते. कोणीतरी येऊन आपली गचांडी धरेल, अशी ते वाट बघत होते. लोक येत होते आणि त्यांच्या पाया पडून प्रसाद घेऊन जात होते. तो व्हिडिओ अजून पंचायतीच्या पानावर आहे. खाली शंभरेक मुंबईकरांनी हात जोडलेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्र आणि कोरा फॉर्म घेऊन बंदरवाडीच्या उताराला लागलो. माझ्या हातात काय आहे ते मला कळत होतं. मी 'वापरकर्ते शून्य' लिहून कळवलं असतं, आणि सोबत आबांचे शब्द कोणाला नीट ऐकवले असते, तर वळसा महिन्याभरात बंद झाला असता.

आबा शेवंताक्काच्या खळ्यात चुडतं सोलत बसले होते. मला बघून त्यांनी बाजूला जागा केली. मी गाऱ्हाणं ऐकलं, असं सांगितलं. ते म्हणाले, "बरा झाला. एकान तरी आयकल्यान."

मग त्यांनी जे सांगितलं ते एकदम सांगितलं नाही, चुडतं सोलता सोलता तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. शेवंताक्का लहानपणी चार वर्षं कोल्हापूरला मूकबधिर मुलींच्या शाळेत होती. तिथे वसतिगृहात हातांनी बोलायला शिकली. मग बापाने घरी आणली ती कायमची. इथे हातांचं बोलणं कुणालाच येत नव्हतं. आबांच्या आणि तिच्या घरगुती खुणा तीस-चाळीस. भात, दूध, साप, ताप, पाऊस. एवढ्यावर त्या दोघांनी चाळीस वर्षं काढली. नऊ-दहा वर्षांपूर्वी ते तिला डोळे दाखवायला मालवणला घेऊन गेले. स्टँडवर एक मुलगी मोबाइल समोर धरून एका हाताने भराभर खुणा करत होती, आणि पडद्यातली दुसरी मुलगी तिला हातांनीच उत्तर देत होती. शेवंताक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन गाड्या गेल्या तरी हलेना.

"मगे तिनाय हात वर केल्यान," आबा म्हणाले. "चाळीस वर्सांनी. आणि तां चेडू हसला. माजी भयण बोलता, आणि तिचा बोलणा कोणाक तरी कळता. ह्यां मी पयल्यांदा बघलंय."

मी विचारलं की मग इतकी वर्षं हे सरळ का नाही सांगितलंत. बंदरवाडीला नेट हवं, बहिणीला हवं, एवढंच म्हणायचं होतं.

"गाराणा घालणाऱ्यान सोतासाठी मागूचा नाय. रीत आसा ती." त्यांनी सोललेलं चुडत बाजूला ठेवलं. "आणि तू फळ्यार लिवलेलंस, गरज नाय म्हणान. तां वाचून मगे तुका काय सांगतलंय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. नऊ वर्षं मी रोज एसटीचे धक्के खात, नेट म्हणजे काय हे गावात एकट्यालाच कळतं अशा तोऱ्यात फिरलो होतो. आणि ज्या एका घराला त्याची सगळ्यात जास्त गरज होती, ते मी पंख्याखाली बसून खोडलं होतं. मला लाज वाटली. अजून वाटते.

पडवीत शेवंताक्का आबांनी घेऊन दिलेला मोबाइल भिंतीला टेकवून बसली होती. पडद्यावर चार चौकोन, चार बायका, सगळ्यांचे केस पिकलेले. शाळेतल्या मैत्रिणी. स्टँडवरच्या त्या मुलीने एका कागदावर मूकबधिरांच्या संस्थेचा पत्ता लिहून दिला होता, त्यावरून सापडलेल्या. पाचही जणींचे हात एकाच वेळी चालले होते आणि कोणाचं तरी काहीतरी लागट बोलून झालं असावं, कारण पाचही जणी हसत होत्या. शेवंताक्काला हसताना मी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मी फॉर्म काढला आणि 'वापरकर्ते' या रकान्यात पाच लिहिलं. चौघी बाहेरगावच्या होत्या, पण रकान्यात तसं विचारलेलं नव्हतं. शेऱ्यात लिहिलं, 'वळसा आवश्यक.' कारणात पुन्हा एकदा भूस्तर.

"तुमी आत बसणास नाय?" मी आबांना विचारलं.

"बसान काय करतलंय," ते म्हणाले. "तेंचा माका कळणा नाय. आदी ती दुपारची वाट बघी माजी. आता मी येतंय तेव्हा ती बोलत असता." आणि लगेच, मला काही बोलायची सवड न देता, "बरा आसा. असाच होवक व्हया," असं म्हणून त्यांनी नवं चुडत ओढलं.

तेवढ्यात शेवंताक्काचं लक्ष आमच्याकडे गेलं. ती उठली, बाहेर आली, आबांच्या दंडाला धरून त्यांना आत घेऊन गेली आणि मोबाइलसमोर बसवलं. आबा बावरले. कुठल्या दिशेला बघावं ते त्यांना कळेना. पडद्यावरच्या चौघींनी त्यांना पाहिलं, आणि एकीनेही न विचारता, चौघींनी एकदमच आपला तळवा छातीवर सपाट ठेवला आणि दोनदा थोपटला.

"ह्यां काय?" आबांनी मला विचारलं.

मला कुठलं ठाऊक. पण शेवंताक्काने आबांकडे बोट दाखवलं आणि तसाच तळवा आपल्या छातीवर ठेवला. मी म्हटलं, तुमचं नाव असेल. ह्या लोकांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं असं मी नेटवर वाचलंय.

आबांनी पडद्याकडे तोंड वळवलं. "ल्हान होती तेव्हा मी बापाशीकडे गाराणा शिकी," ते हळू म्हणाले. "ही माज्या छातीर हात ठेवन बसा. आवाज तिच्या हाताक लागा." मग त्यांनी चौघींकडे बोट दाखवलं. "ह्येंका माजा नाव म्हायत होता? तेव्हापासून?"

चौघी अजून तळवा छातीवर ठेवून होत्या. आबांनी धोतराला हात पुसला आणि तो हळूच उचलून आपल्या छातीवर ठेवला. तो जरा वर, गळ्यापाशीच बसला. शेवंताक्काने मान हलवली, त्यांचा हात मनगटाला धरला आणि दोन बोटं खाली सरकवून नीट जागेवर ठेवला.